जुन्या बोटीचं डिझेल इंजिन आणि वायरिंग: इंजिन खोलायच्या आधी हे बघा

इंजिन स्टार्ट होत नाही म्हटलं की लगेच इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) खोलायला घेऊ नका. जुन्या बोटीत दोष बहुतेक वेळा दोनच जागी सापडतो, डिझेलमध्ये नाहीतर वायरच्या टोकाला. डिझेल इंजिनला स्पार्क लागत नाही, हवा दाबून जी गरमी होते तिच्यावरच डिझेल पेटतं, त्यामुळे स्वच्छ डिझेल, हवा आणि जोरात फिरणारा स्टार्टर एवढं मिळालं तर जुनं इंजिनही चालतं.

आधी डिझेल. टाकी अर्धी ठेवून बोट उभी केली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं आणि पाणी-डिझेल जिथे एकमेकाला टेकतात तिथे जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो, बोट नुसती उभी असेल तर काही कळत नाही पण लाटा लागल्या की तोच गाळ उठून फिल्टर चोक करतो, म्हणजे इंजिन बंद पडतं ते नेमकं वाईट वेळेला. म्हणून टाकी भरून ठेवा, आणि निघायच्या आधी सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) खालचा नळ सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन बघा, पाणी खाली वेगळं दिसतं. फिल्टर बदलला की लाईनमधली एअर काढायची, ब्लीड स्क्रू ढिला करून हँड प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारत राहा, बुडबुडे थांबले की आवळा.

मग थंड करायचं पाणी. ते ओढणाऱ्या पंपातला इम्पेलर (पातींचं चाक) रबराचा असतो, कोरडा फिरला तर बघता बघता खराब होतो, म्हणून सी-कॉक (बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडा आहे ना ते बघूनच चावी फिरवा. पात तुटली असेल तर तुकडा शोधून काढाच, तो पुढे कूलरमध्ये अडकतो. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, इंजिन चालवूच नका.

आता वायरिंग, आणि इथे मी जास्त वेळ घालवतो. १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना (चार्जिंग किंवा लोड नसताना) १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. बॅटरी फुल असूनही स्टार्टर जड फिरतो? मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर, आणि कोणाला तरी स्टार्ट मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर निगेटिव्ह बाजूचा जोड खराब आहे, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) काढून चमकेपर्यंत घासा. तेवढा नसेल तर पॉझिटिव्ह बाजूही, म्हणजे पॉझिटिव्ह पोस्ट ते स्टार्टरचं जाड वायरचं टोक, अशीच तपासा, मग स्टार्टर काढा.

नवीन वायर टाकताना टिन केलेली (कथलाचा मुलामा दिलेली) तांब्याचीच घ्या, साध्या तांब्यात ओल आतपर्यंत शिरते आणि इन्सुलेशनखाली वायर काळी पडते, वरून काही दिसत नाही. टोकं क्रिम्प करा (पकडीने दाबून बसवा), वर गोंदवाली हीट श्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती). फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं, कारण फ्यूज वायरला वाचवतो आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला काहीच संरक्षण नसतं. आणि चालू इंजिनवर बॅटरी स्विच बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड उडतात.