मोठेपणी लेगोच्या छोट्या गाड्या: निवड, जोडणी, जपणूक आणि पुढचा नाद

अडीचशे-तीनशे तुकडे, रविवारची एक दुपार आणि शेवटी हाताच्या पंजाएवढी एक गाडी. मोठ्या माणसाने लेगोकडे वळायचं असेल तर हजारो तुकड्यांच्या अवाढव्य खोक्यापेक्षा ही सुरुवात बरी. खर्च आवाक्यात राहतो, जागा कमी लागते आणि काम अर्धवट पडून राहत नाही.

डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने ‘स्पीड चॅम्पियन्स’ ही मालिका २०१५ मध्ये आणली. खऱ्या कंपन्यांच्या खऱ्या गाड्या, लहान आकारात. या लेखात तीच धरून चालू.

पहिली गाडी निवडताना

२०१९ पर्यंतच्या गाड्या ६ स्टड (स्टड म्हणजे ठोकळ्यावरचा गोल उंचवटा) रुंदीच्या होत्या, २०२० पासून त्या ८ स्टडच्या झाल्या. फरक दोनच स्टडचा, पण गाडीचा चेहरामोहरा बदलला: बोनेटला उतार आला, चाकांवरच्या कमानी नीट बसल्या आणि बहुतेक गाड्यांत दोन माणसं शेजारी-शेजारी मावू लागली. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ८ स्टडचीच घ्यावी.

मग खोक्यावरचा पाच आकडी क्रमांक बघा. २०२२ ची लॅम्बोर्गिनी काउन्टॅक ७६९०८, २०२३ ची निसान स्कायलाइन ७६९१७. हा क्रमांक टाकला की लेगोच्या संकेतस्थळावर त्या सेटची पूर्ण पुस्तिका फुकट उतरवता येते. विकत घेण्याआधीच ती चाळा. स्टिकर किती आहेत, हेडलाइट छापील आहेत की चिकटवायचे, हे खोक्यावरच्या देखण्या फोटोवरून कळत नाही, पुस्तिकेवरून कळतं.

किमतीचं दुखणं आपल्याकडे वेगळं आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणून सेलची वाट बघण्यात कमीपणा नाही. परदेशातून कुणी येणार असेल तर खोका उघडून सपाट करायला सांगा. पिशव्या आणि पुस्तिका बॅगेच्या कोपऱ्यात सहज बसतात. संशयास्पद स्वस्त मिळालं तर मात्र नाव नीट वाचा. मूळ ठोकळ्याच्या पेटंटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे त्याला जुळणारे ठोकळे बनवायला कुणालाही मोकळीक आहे. पण दुसऱ्याच्या खोक्याची हुबेहूब नक्कल ही वेगळी गोष्ट.

जोडायला बसताना

टेबलावर जाडसर चादर पसरा, तुकडे उडत नाहीत. पिशव्यांवर क्रमांक असतात. १ संपल्याशिवाय २ फोडू नका. तुकडे रंगापेक्षा आकाराने वेगळे केलेले बरे. काळ्या गाडीत रंगाने लावून काय उपयोग? बारीकसारीक तुकड्यांसाठी मिसळणाचा जुना डबा उत्तम.

आतल्या भागात भडक निळे-हिरवे तुकडे दिसले तर गोंधळू नका. ते बाहेरून दिसणार नसतात, दिशा चुकू नये म्हणून मुद्दाम तसे दिलेले असतात.

खरी गंमत गाडीच्या बाजू जोडताना येते. स्टडमधलं अंतर ८ मिमी, प्लेटची म्हणजे चपट्या तुकड्याची उंची ३.२ मिमी. म्हणजे पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की १६ मिमी होतात, बरोबर दोन स्टडच्या रुंदीइतक्या. या हिशेबावरच ब्रॅकेट (काटकोनात वळलेला तुकडा) लावून आडवे, उभे, उलटे तुकडे बसवता येतात आणि काउन्टॅकचा तो पाचरीसारखा आकार साधतो. इथे घाई करू नका. पानं उलटत पुढे पळालात तर गाडी होईल, पण ती कशी झाली हे कळणार नाही.

चुकीचा बसलेला तुकडा दातांनी काढायचा मोह आवरा. प्लास्टिकवर वळ उमटतो तो जात नाही. नारिंगी ब्रिक सेपरेटर (तुकडे सुटे करायचं हत्यार) वेगळा घेऊन ठेवा, छोट्या सेटमध्ये तो सहसा नसतो. शेवटी चार-सहा बारके तुकडे उरले तर घाबरू नका, ते जादाचेच असतात. कमी पडला तर कंपनीच्या ग्राहक सेवेकडून मागवता येतो.

स्टिकर

पंखा बंद. हात धुऊन कोरडे. तुकडा गाडीवर बसवण्याआधीच त्यावर स्टिकर लावा. साबणाच्या पाण्याचा एक थेंब तुकड्यावर पसरा, स्टिकर चिमट्याच्या किंवा कटरच्या टोकावर उचलून ठेवा, सरकवत सरळ करा आणि मग कापसाने पाणी टिपून घ्या. सगळे स्टिकर लावलेच पाहिजेत असंही नाही. काही गाड्या मला त्यांच्याशिवायच जास्त आवडतात.

ठेवणं

ऊन लागलं की पांढरे आणि निळे तुकडे पिवळट पडू लागतात. खिडकीसमोरचं कपाट टाळा. धूळ मऊ ब्रशने झटका. धुवायचेच झाले तर कोमट पाणी, ४० अंशांच्या आत, आणि स्टिकरचे तुकडे बाजूला काढून.

संग्रहाला हद्द हवी: एकच कंपनी, एकच दशक किंवा एकच फळी. सेट साधारण दीड-दोन वर्षांनी बाजारातून जातात आणि मग किंमत चढते, म्हणून बंद खोके साठवणारे लोक आहेत. मला त्यात रस नाही. न फोडलेला खोका हा शेवटी पुठ्ठाच.

स्वतःची गाडी

पाच-सहा सेट जोडून झाले की पुस्तिकेबाहेर पडा. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी घ्या. तिचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. खरी गाडी साधारण १.४६ मीटर रुंद, तेवढीच उंच आणि ३.९ मीटर लांब. ६ स्टड म्हणजे ४८ मिमी रुंदी धरली तर प्रमाण येतं सुमारे १:३०. काउन्टॅक २ मीटर रुंद, तिचे ८ स्टड म्हणजे ६४ मिमी, प्रमाण सुमारे १:३१. म्हणजे मघाशी जी अरुंद म्हणून टाळली, तीच ६ स्टडची रुंदी इथे नेमकी हवी, आणि दोन्ही गाड्या एका फळीवर शोभतील. लांबी १६ स्टड, उंची चाकांसकट पाच ब्रिक, म्हणजे पूर्ण उंचीचे पाच ठोकळे.

आधी संगणकावर रचून बघा. ब्रिकलिंक या सुट्या तुकड्यांच्या ऑनलाइन बाजाराचं ‘स्टुडिओ’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तुकड्यांची यादीही तेच काढून देतं. खाली काळा, वर पिवळं छप्पर. पुढे डाव्या बाजूला बाहेरचा मीटर विसरू नका. एक ब्रॅकेट आणि १×१ चा तुकडा पुरतो. सुटे तुकडे मागवताना प्रत्येक प्रकारचे दोन-तीन जास्तच घ्या, कारण एका पिवळ्या प्लेटसाठी पुन्हा टपालखर्च भरणं फार जिवावर येतं.