एलएमएस वापरताना प्राध्यापकांनी या चुका टाळाव्यात

सत्र सुरू झालं की एलएमएसवर (लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे कोर्स ऑनलाइन चालवण्याची प्रणाली) पीपीटी आणि पीडीएफ चढवायच्या आणि परीक्षेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही. मूडल असो वा गूगल क्लासरूम, बऱ्याच जणांचा वापर एवढ्यावरच थांबतो. मुलंही फाइल उतरवून घेतात आणि निघून जातात. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. फाइल ईमेलनेही पाठवता येते. एलएमएसचा खरा उपयोग मुलांकडून काही करून घेण्यात आणि त्यावर त्यांना लगेच अभिप्राय मिळण्यात आहे. प्रत्येक घटकानंतर पाच प्रश्नांची क्विझ ठेवा आणि चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकीचा, हे एका ओळीत लिहा. मूडलमध्ये प्रत्येक पर्यायाला अभिप्रायाचा रकाना असतो. तो रिकामा राहतो याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण घरी एकटं बसून अभ्यास करणाऱ्या मुलाला नेमकी तीच ओळ हवी असते. शिवाय प्रश्न क्वेश्चन बँकेत राहतात, पुढच्या वर्षी पुन्हा लिहावे लागत नाहीत.

‘सर, मला तर 90 टक्के दिसत होते!’ ही तक्रार मूडलच्या गुणपत्रकामुळे येते. जिथे गुण भरलेले नाहीत, ती असाइनमेंट मूडल सहसा बेरजेत धरतच नाही. चारपैकी एकच असाइनमेंट देऊन 20 पैकी 18 मिळवले, तर एकूण 90 टक्के दिसतात. मुदत संपली की न दिलेल्या कामाला शून्य भरा. मुलांना खरी परिस्थिती वेळेत कळते आणि सावरायला वाव राहतो.

तारखांचाही घोळ होतो. ड्यू डेट उलटली तरी काम जमा होतं, फक्त उशिराचा शेरा पडतो. जमा करणं थांबतं ते कट-ऑफ डेटला. दोन्ही तारखा ठरवा आणि मुलांना आधीच सांगा.

तास रद्द झाल्याची सूचना वेळेत पोहोचली नाही? फोरमवरची पोस्ट दुरुस्त करता यावी म्हणून मूडल सहसा 30 मिनिटं ईमेल रोखून धरतं. पोस्ट करतानाच विनाविलंब पाठवण्याचा पर्याय निवडा.

‘मॅडम, काहीच दिसत नाहीये’ असं मुलं म्हणाली, तर ‘स्विच रोल’मधून विद्यार्थी होऊन कोर्स बघा. लपवलेला भाग शिक्षकाला दिसतो, मुलांना नाही. जुना कोर्स रीसेट करण्याआधी बॅकअप मात्र घ्याच. रीसेटमध्ये मुलांची उत्तरं आणि गुण पुसले जाऊ शकतात.

आणि दुसऱ्या आठवड्यात पार्टिसिपंट्सची यादी उघडा. कोर्समध्ये कोण शेवटचं कधी आलं, हे तिथे दिसतं. ज्यांच्यापुढे ‘कधीच नाही’ असेल, त्यांना एलएमएसवर निरोप पाठवून भागणार नाही. वर्गात गाठून विचारा: पासवर्ड अडलाय, की इंटरनेटच नाही?