स्वस्त इलेक्ट्रिक गिटार नीट लावून घेताना

दहा-बारा हजार रुपयांच्या इलेक्ट्रिक गिटारचे लाकूड बहुधा वाईट नसते, आणि मान यंत्रावर कापलेली असल्यामुळे फ्रेट, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्याही, बऱ्यापैकी जागच्या जागी असतात. कसर राहते ती जिथे माणसाच्या हाताला वेळ द्यावा लागतो तिथे, म्हणजे नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचांत, फ्रेटच्या टोकांत आणि तारांच्या उंचीत. म्हणून नवे पिकअप (तारांचे कंपन टिपणारी चुंबक-गुंडाळी) मागवण्याचा विचार मनात आला, तर तो महिनाभर बाजूला ठेवून आहे तीच गिटार आधी नीट लावून पाहावी, असा माझा आग्रह आहे. सांगलीकराला हे पटायला अवघड जाऊ नये. शेजारच्या मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्या वाद्यांचा आवाज शेवटी ठरतो तो घोडीवर जपून फिरवलेल्या कानशीने.

साहित्य फारसे लागत नाही. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पत्त्या) दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतो, तर बारीक कानशींचा संच सोनारकामाची हत्यारे विकणाऱ्याकडे मिळतो. याशिवाय अर्धा मिलिमीटर दाखवणारी पोलादी पट्टी, ॲलन कीचा संच, कपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर आणि मास्किंग टेप जवळ असावी.

पहिले काम म्हणजे नव्या तारा चढवणे. जुन्या, गंजलेल्या तारांवर केलेले कोणतेही मोजमाप भरवशाचे नसते. ०.००९ ते ०.०४२ इंचांचा संच नवशिक्याच्या बोटांना सोसतो. खुंटीवर दोन-तीन वेढे एकाखाली एक बसावेत, आणि तार चढवल्यावर ती हाताने हलकेच ओढून पुन्हा सुरात आणावी. ओढूनही सूर उतरेनासा होईपर्यंत हे करत राहावे.

त्यानंतर मानेचा बाक पाहावा. पहिल्या फ्रेटवर कपो लावून, मान जिथे खोडाला मिळते तिथे सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार दाबावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातील फट मोजावी. ती ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर ट्रस रॉडला (मानेच्या आतल्या, बाक कमीजास्त करणाऱ्या सळईला) हात लावू नये. फट जास्त असल्यास रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळावा आणि कमी असल्यास उलट सैल करावा. मात्र एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी गिटार पुन्हा सुरात लावून मगच मोजावे. रॉड घट्ट अडला आहे असे वाटले तर तिथेच थांबावे, कारण तुटलेला रॉड दुरुस्त करण्यापेक्षा नवी मान स्वस्त पडते.

बाक जमला की बाराव्या फ्रेटवर तारांची उंची लावावी. बारीक इ तारेला १.६ मिलिमीटर आणि जाड इ तारेला २ मिलिमीटर ही सुरुवातीची मापे धरावीत आणि मधल्या तारा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे बसवाव्यात. उंची लावल्यावरही एकाच ठिकाणी तार खरखरत असेल, तर लागोपाठच्या तीन फ्रेटवर सरळ कडेची छोटी पट्टी ठेवून पाहावी. ती डुगडुगली की मधला फ्रेट उंच आहे हे कळते. फ्रेट घासून समपातळीत आणण्याचे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावे. फ्रेटची टोके हाताला टोचणे ही निराळी गोष्ट आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचे लाकूड आकसते आणि धातू बाहेर डोकावू लागतो. लाकडावर टेप चिकटवून बारीक कानशीने ती टोके गोल करणे घरी सहज जमते.

आता नट. स्वस्त गिटारवर सर्वाधिक अन्याय याच भागावर होतो, म्हणून इथे मी घाई करू देणार नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. तिथे केसाएवढीच फट हवी, आणि तारेवर टिचकी मारली की बारीकसा ‘टिक’ असा आवाज यायला हवा. फट डोळ्यांत भरण्याइतकी मोठी असेल, तर एफचा कॉर्ड धरताना बोटे दुखतात, शिवाय तो चढा वाजतो, आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो. खाच खोल करताना कानस खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती धरावी, म्हणजे खाचेचा सर्वांत उंच बिंदू फ्रेटकडच्या कडेवर राहतो. हे उलटे झाले, तर मोकळी तार खाचेच्या तळाला घासत राहते आणि सतारीसारखी झणझणते. जवारी, म्हणजे सतारीचा तो झणझणता नाद, काढणारा कारागीर ज्या स्पर्शासाठी घोडीचा माथा तासन्‌तास घासतो, तोच स्पर्श इथे टाळायचा असतो.

माझ्या पहिल्या गिटारवर ‘जी’ सुराच्या तारेची खाच मी कानशीचे दोन हात जास्त घासली आणि ती तार मोकळी वाजवताच पहिल्या फ्रेटवर आपटू लागली. हाडाच्या तुकड्याची भुकटी खाचेत दाबून भरली, तिच्यावर फेविक्विकचा एक थेंब सोडला, आणि तासाभराने ती खाच नव्याने कोरली. ती आजही टिकून आहे. तेव्हापासून प्रत्येक दोन हातांनंतर मी तार परत बसवून तपासतो. भुकटी करताना तोंडावर मास्क असावा. पैसे खर्चायचेच असतील, तर पहिली खरेदी हाडाच्या नटची करावी. गिटार सारखी बेसूर होते म्हणून लोक खुंट्या बदलतात, पण बहुतेक वेळा तार खाचेत अडकत असते. पेन्सिलीचे शिसे खाचेत फिरवले तरी फरक जाणवतो.

सॅडल (घोडीवर तार जिच्यावर टेकते ती सरकती ठोकळी) पुढे-मागे करण्याचे काम उंचीनंतरच करावे, कारण दाबताना तार ताणली जाते आणि तो ताण उंचीवर अवलंबून असतो. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यावे, उतरता असेल तर नटच्या दिशेने पुढे आणावे.

पिकअपची उंची शेवटी लावावी. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचे) पिकअप जाड तारेखाली सुमारे २ आणि बारीक तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटरवर ठेवावे. ते फार जवळ आले, तर चुंबकाच्या ओढीने तारेचे कंपन बिघडते आणि सूर डळमळतो. नॉब फिरवताना खरखर आली, तर पॉटमध्ये (नॉबखालच्या बदलत्या रोधात) कॉन्टॅक्ट क्लीनर फवारावा. जॅक सैल असेल, तर त्याची पत्ती किंचित आत वाकवावी. सिंगल कॉइलची गुणगुण पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडल्याने कमी होते, पण पूर्ण जात नाही. एवढे करूनही आवाज पसंत पडला नाही, तर पिकअप खुशाल बदलावे आणि हम्बकर (दोन गुंडाळ्यांचे पिकअप) घेतल्यास २५० ऐवजी ५०० किलोओमची पॉट बसवावीत.

पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की मानेची फट पुन्हा मोजावी, आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की आणखी एकदा.