स्पीडरनच्या समुदायात सहभागी होताना आणि मॉडरेटरचे काम करताना

गेम शक्य तितक्या कमी वेळात संपवण्याच्या प्रयत्नाला स्पीडरन किंवा नुसते रन म्हणतात. एखादा गेम कोणी ४ मिनिटे ५४ सेकंदांत संपवला असे आपण लीडरबोर्डवर, म्हणजे वेळांच्या क्रमवारीच्या यादीत, वाचतो, तेव्हा त्या आकड्यामागे दोन माणसांचे श्रम असतात. एकाने तो गेम तेवढ्या वेळात खेळून दाखवलेला असतो आणि दुसऱ्याने त्याचा व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून ती वेळ पडताळलेली असते. दुसरे काम नीट झाले नसेल, तर पहिल्यावर कोणी विश्वास ठेवावा याला काही आधार उरत नाही. म्हणून नव्या रनरने, म्हणजे असे रन करणाऱ्या खेळाडूने, वेगाने खेळायला शिकत असतानाच आपले रन दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने सादर करायलाही शिकावे, असा माझा आग्रह आहे.

गेम निवडताना लोकप्रियतेकडे पाहू नये. जो गेम शेकडो वेळा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला कंटाळा येणार नाही, तोच निवडावा. त्यानंतर कॅटेगरी, म्हणजे गेम कोणत्या अटींवर संपवायचा ते, ठरवावी. एनी पर्सेंटमध्ये कोणत्याही मार्गाने शेवट गाठायचा असतो, हंड्रेड पर्सेंटमध्ये सगळे काही गोळा करायचे असते आणि ग्लिचलेसमध्ये गेममधल्या चुकांचा (ग्लिचचा) फायदा घेता येत नाही. पण एकाच गेममध्ये या चौकटी किती वेगळे रूप घेतात हे ‘सुपर मारिओ ६४’मध्ये चांगले दिसते. त्या गेमच्या रचनेप्रमाणे शेवटच्या लढतीपर्यंत जायला ७० तारे लागतात, आणि तरीही १२० व ७० ताऱ्यांच्या जोडीला १६, १ आणि ० ताऱ्यांच्या कॅटेगरीही खेळल्या जातात, कारण मागच्या दिशेने लांब उड्या घेत न संपणारा जिना पार करता येतो हे खेळाडूंनी शोधून काढले. नवख्याने सहसा मधल्या लांबीची कॅटेगरी घ्यावी. फार छोट्या कॅटेगरीत पहिल्याच अवघड युक्तीपाशी दिवसच्या दिवस जातात.

सरावाला बसण्याआधी त्या कॅटेगरीचे नियम शब्दन् शब्द वाचावेत. टायमर नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो आणि कोणत्या क्षणी थांबतो, गेमची कोणती आवृत्ती चालते, एम्युलेटरला (जुन्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामला) परवानगी आहे का, टर्बो बटण (आपोआप भराभर दाबले जाणारे) चालते का, या प्रश्नांची उत्तरे आधीच माहीत हवीत. आवृत्तीचा प्रश्न नवख्यांना क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. जुन्या कन्सोलवर टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० आणि एनटीएससी पद्धतीत सुमारे ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, दिसतात, त्यामुळे दोन्हींवरच्या वेळा सरळ एकमेकींशेजारी ठेवता येत नाहीत. वेळ मोजण्याच्या रीतीही वेगवेगळ्या असतात. काही गेममध्ये घड्याळाची सलग वेळ धरतात, काहींमध्ये गेमने स्वतः दाखवलेली वेळ धरतात, तर काहींमध्ये लोडिंगचा वेळ वजा करतात, जेणेकरून महागडा संगणक असलेल्याला केवळ संगणकाच्या जोरावर पुढे जाता येऊ नये.

टायमरसाठी बहुतेक जण लाइव्हस्प्लिट हा प्रोग्राम वापरतात. त्यात रनचे टप्पे पाडता येतात आणि प्रत्येक टप्प्यातली आपली सर्वोत्तम वेळ जपली जाते. या सर्वोत्तम वेळांची बेरीज पाहिली की आपल्या हातून काय होऊ शकते याचा अंदाज येतो. मात्र ती बेरीज प्रत्यक्ष रनमध्ये जवळजवळ कधीच साधत नाही, म्हणून तिच्यावरून निराश होऊ नये.

रेकॉर्डिंगबाबत माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. मी पाठवलेले पहिलेच रन नाकारले गेले होते. खेळताना नियम मोडला नव्हता, पण माझे रेकॉर्डिंग पहिली पातळी सुरू झाल्यावर चालू झाले होते, आणि काठिण्याची निवड ज्या पडद्यावर होते तो पडदा त्यात आलाच नव्हता. रन तपासणाऱ्या मॉडरेटरने तीन ओळी लिहिल्या: काय दिसत नाही, ते कोणत्या नियमात मागितले आहे आणि पुढच्या वेळी रेकॉर्डिंग कुठून सुरू करावे. त्या तीन ओळींमुळे मी टिकून राहिलो. तेव्हापासून गेम उघडण्याआधी रेकॉर्डिंग सुरू करायचे, गेमचा आवाज बंद ठेवायचा नाही आणि शेवटचा पडदा दिसल्यानंतरही काही सेकंद रेकॉर्डिंग चालू ठेवायचे, हा नेम मी मोडलेला नाही. मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेवावी. ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाने एप्रिल २०२५ पासून हायलाइट (प्रक्षेपणातले जपून ठेवलेले भाग) आणि अपलोड मिळून प्रत्येक चॅनेलवर १०० तासांची मर्यादा घातली, तेव्हा जुन्या रनचे पुरावे वाचवण्यासाठी अनेक समुदायांची धावपळ झाली. आपल्या रनचा एकमेव पुरावा दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवणे धोक्याचे आहे.

समुदायात वावरताना प्रश्न विचारण्यापूर्वी उपलब्ध मार्गदर्शिका वाचावी आणि प्रश्न विचारताना स्वतःच्या खेळाचा छोटा तुकडा जोडावा. ‘ही उडी जमत नाही’ एवढ्या वाक्याला कोणी काय उत्तर देणार? तोच तुकडा दाखवला तर बटण दोन फ्रेम उशिरा दाबले जात आहे, हे अनुभवी माणूस लगेच सांगू शकतो. दुसऱ्याने शोधलेली युक्ती वापरली तर त्याचे नाव घ्यावे. हाती लागलेला नवा ग्लिच लगेच जाहीर करायचा की आपले रन होईपर्यंत राखून ठेवायचा, यावर मतभेद आहेत. तो जाहीर करावा, असे मला वाटते, कारण आपण ज्या मार्गाने खेळतो त्यातला जवळजवळ प्रत्येक वळसा कोणीतरी आधी मोकळेपणाने दाखवलेला असतो. पाठवलेल्या रनमध्ये आपलीच चूक नंतर लक्षात आली, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता ती कळवावी.

मॉडरेटरचे काम स्वीकारण्याआधी तो गेम स्वतः बराच खेळलेला असावा. बहुतेक लीडरबोर्ड ज्या संकेतस्थळावर असतात त्या स्पीडरन डॉट कॉमवर सुपर मॉडरेटर, मॉडरेटर आणि व्हेरिफायर (रन पडताळणारा) अशा पायऱ्या आहेत. व्हेरिफायर म्हणून सुरुवात करणे सर्वांत चांगले, कारण त्यात अधिकार कमी आणि शिकणे जास्त असते.

पडताळणी कशी होते ते एका उदाहरणाने पाहू. सेकंदाला ६० फ्रेमचा यूट्यूबवरचा व्हिडिओ आहे आणि रनरच्या टायमरवर ५ मिनिटे ६.९ सेकंद दिसतात. व्हिडिओ थांबवून स्वल्पविरामाची कळ दाबली की तो एक फ्रेम मागे जातो आणि पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे. नियमात सांगितलेला सुरुवातीचा क्षण ३१२व्या फ्रेमवर सापडला आणि शेवटचा १८,७४७व्या फ्रेमवर. फरक १८,४३५ फ्रेमचा, त्याला ६० ने भागले की ३०७.२५ सेकंद, म्हणजे ५ मिनिटे ७.२५ सेकंद. रनरने फसवले असा याचा अर्थ नाही. हाताने टायमर सुरू करताना बोट थोडे उशिरा पडते, एवढेच. लीडरबोर्डवर मोजलेली वेळ नोंदवावी आणि दोन्ही फ्रेमचे आकडे शेऱ्यात लिहावेत, म्हणजे कोणालाही तीच मोजणी पुन्हा करून पाहता येईल. व्हिडिओ ३० फ्रेमचा असेल तर एका फ्रेमला ०.०३३ सेकंद लागतात, आणि त्याहून बारीक फरकावर क्रम ठरवणे योग्य नाही.

मोजणीइतकेच गेमचे ज्ञानही लागते. मूळ ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये पातळी संपल्यावर पुढची पातळी दर २१ फ्रेमच्या ठोक्यालाच सुरू होऊ शकते, म्हणजे सुमारे ०.३५ सेकंदांच्या अंतराने. हे ज्याला ठाऊक आहे त्याला एखाद्या पातळीत दाखवलेली दहा फ्रेमची बचत पुढच्या पातळीत कशी काय पोहोचली, असा प्रश्न पडेलच. व्हिडिओ मधे कापून जोडला असेल तर पार्श्वसंगीत किंचित अडखळते, आणि ध्वनीचा आलेख काढल्यावर तो सांधा डोळ्यांनाही दिसतो. नाण्यांचा किंवा शक्तीचा आकडा कारण नसताना बदलणे हीसुद्धा त्याचीच खूण असते.

संशय आला तरी तो चारचौघांत बोलून दाखवू नये. आधी दुसऱ्या मॉडरेटरला व्हिडिओ स्वतंत्रपणे पाहू द्यावा, मग रनरला खासगीत मूळ फाइल मागावी आणि ती द्यायला पुरेसा वेळ द्यावा. डिसेंबर २०२० मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या मॉडरेटरांनी ड्रीम या प्रसिद्ध खेळाडूचे रन काढून टाकले, तेव्हा ‘इतके नशीब शक्यच नाही’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी सहा लाइव्हस्ट्रीममधले आकडे मोजले: गेम संपवायला लागणाऱ्या दोन वस्तू त्यात नशिबाने मिळतात; सोने देऊन केलेल्या २६२ अदलाबदलींत ४२ वेळा एंडर पर्ल मिळाला होता, जो साधारण १२ वेळा मिळायला हवा, आणि ब्लेझ नावाचे ३०५ राक्षस मारल्यावर २११ वेळा कांडी मिळाली होती, जी निम्म्या वेळा मिळते. गणित सर्वांसमोर मांडले, सोयीचे तेवढेच आकडे निवडल्याचा आक्षेप येऊ शकतो हे धरून त्याचीही सूट दिली. खेळाडूने तेव्हा आरोप नाकारला; मे २०२१ मध्ये मात्र गेममध्ये बदल करणारा मॉड चालू होता, हे त्याने मान्य केले. त्या मॉडरेटरांना बरीच शिवीगाळ सोसावी लागली, तरी निर्णय टिकला, कारण तो कोणालाही तपासता येत होता.

‘ड्रॅगस्टर’ या अटारी कन्सोलवरच्या गेमची गोष्ट उलटी आहे. १९८२ पासून ५.५१ सेकंदांची वेळ विक्रम म्हणून चालत आली होती. २०१७ मध्ये गेमच्या कोडचे विश्लेषण झाल्यावर ५.५७ पेक्षा कमी वेळ निघतच नाही असे दिसले, आणि जानेवारी २०१८ मध्ये विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या ट्विन गॅलॅक्सीज या संस्थेने तो विक्रम काढून टाकला. साडेतीन दशके तो उभा राहिला, कारण कोणालाही पुन्हा तपासता येईल असा पुरावाच उपलब्ध नव्हता.

नियम लिहिताना सर्वांत जास्त काळजी ग्लिचलेस कॅटेगरीत घ्यावी लागते. ‘निर्मात्यांना अपेक्षित नसलेले काहीही चालणार नाही’ असा नियम दिसायला सुटसुटीत असतो, पण निर्मात्यांच्या मनात काय होते हे कोण सांगणार? त्याऐवजी बंदी असलेल्या युक्त्यांची नावे लिहावीत, प्रत्येकीचा छोटा व्हिडिओ जोडावा, आणि कोपऱ्यात अडकून चुकून भिंतीतून गेल्यास रन बाद होते की मागे येऊन पुढे खेळता येते, हेही स्पष्ट करावे. नवी युक्ती सापडली आणि तिच्यामुळे कॅटेगरीचे रूपच बदलत असेल, तर निर्णय होईपर्यंत आलेली रन नाकारू नयेत, ती थांबवून ठेवावीत. ज्यांनी तो गेम प्रत्यक्ष खेळला आहे त्यांचे मत घ्यावे. नियम बदलला तर आधीच्या नियमाने झालेल्या रनना नवा नियम लावू नये. आवश्यक असेल तर वेगळी कॅटेगरी काढावी.

स्वतःचे रन स्वतः मंजूर करू नये, मग ते शेवटच्या क्रमांकाचे का असेना. पहिल्या काही क्रमांकांवर जाणारे रन दोघांनी पाहावे. तपासायला उशीर होत असेल तर तसे आधी सांगावे, कारण रात्री जागून केलेले रन आठवडेच्या आठवडे पडून राहिले की नवा माणूस निघून जातो. या समुदायांत अल्पवयीन मुले पुष्कळ असतात, त्यामुळे मॉडरेटरने त्यांच्याशी खासगीत बोलण्याऐवजी शक्यतो सर्वांना दिसेल अशा जागी बोलावे, आणि छळाची तक्रार आली तर तिची नोंद तारखेसह ठेवावी. बंदी घालताना कारण, मुदत आणि अपील कोणाकडे करायचे, हे तिन्ही लिहून द्यावे. अपील मात्र बंदी घालणाऱ्याने ऐकू नये.

प्रत्येक गेमसाठी किमान दोन सुपर मॉडरेटर असावेत. एकाचेच नाव असले आणि त्याने खेळणे सोडले, तर लीडरबोर्ड गोठतो आणि नवी रन वर्षभर तशीच पडून राहतात. पद सोडण्याआधी प्रलंबित रन, अर्धवट राहिलेले वाद, मोजणीच्या रीती आणि तक्रारींच्या नोंदी एका ठिकाणी लिहून पुढच्या मॉडरेटरच्या हाती द्याव्यात, आणि पहिली दहा रन त्याच्यासोबत बसून तपासावीत.