दानझान-ऱ्यू जुजुत्सू: सुरुवात मनगटापासून करा

दानझान-ऱ्यू ही जुजुत्सूची, म्हणजे शस्त्राविना लढायच्या जपानी विद्येची, एक शैली. ती शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, "फेकायचं कधी शिकवणार?" मी त्याला आधी ही शैली बांधणाऱ्या ओकाझाकींबद्दल सांगते. या शैलीत कुठला डाव कशानंतर येतो, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिलं की पटतं.

हेन्री सेइशिरो ओकाझाकी १८९० साली जपानच्या फुकुशिमा प्रांतात जन्मले आणि १९०६ मध्ये हवाईला आले. ऐन तारुण्यात त्यांना क्षय झाल्याचं निदान झालं. क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. ते हिलो गावातल्या तानाका नावाच्या गुरूंच्या दोजोत, म्हणजे सरावाच्या आखाड्यात, जाऊ लागले, हळूहळू बरे झाले आणि याचं श्रेय त्यांनी सरावालाच दिलं. पुढे त्यांनी जुजुत्सूच्या योशिन-ऱ्यूसारख्या जुन्या शाखा शिकून घेतल्या. ओकिनावाचं कराटे, चिनी कुंगफू, फिलिपिनो सुरीचे डाव, कुस्ती, बॉक्सिंग, जे जे हवाईत शिकायला मिळालं ते ते घेतलं. १९२२ साली हिलोत मॉरिस नावाच्या बॉक्सरशी ते लढले आणि जिंकले. १९२४ मध्ये जपानला जाऊन तिथले दोजो पालथे घातले. या सगळ्यातून निवडून-पारखून त्यांनी दानझान-ऱ्यू बांधली. पोट मात्र त्यांनी मालिशवर भरलं. होनोलुलूत त्यांचं उपचारकेंद्र होतं आणि हाड-स्नायूंच्या दुखण्यांवर ते हातांनी इलाज करत. म्हणून त्यांच्या शिकवणीत सांधा पिरगाळणं आणि सांधा मोकळा करणं शेजारी शेजारी येतं.

आता सरावाकडे. डावांच्या पहिल्या यादीचं नाव 'यावारा'. त्यात वीस डाव आहेत आणि सुरुवातीचे बहुतेक सुटकेचे आहेत. कोणी पडत नाही, ताकद लागत नाही, त्यामुळे अशक्त माणूससुद्धा पहिल्या दिवसापासून करू शकतो.

पहिला डाव 'काताते हाझुशी इची'. जोडीदाराने डाव्या हाताने तुमचं उजवं मनगट पकडलंय. पकडीकडे नीट बघा: चार बोटं एका बाजूने आली, अंगठा दुसऱ्या बाजूने, आणि त्यांची टोकं जिथे भेटतात तिथे फट आहे. पकड तिथेच कच्ची असते. आधी तळहात उघडा, बोटं ताणा. मूठ वळलीत तर खांदा आखडतो. मग मनगट असं फिरवा की त्याची अंगठ्याकडची अरुंद कड त्या फटीसमोर येईल. आता हात मागे ओढू नका. सगळे ओढतात, आणि जोडीदार जड असला की तिथेच अडकतात. अर्धं पाऊल पुढे टाका, कोपर त्याच्या कोपराकडे सरकवा आणि स्वतःच्या डाव्या खांद्याला हात लावायचाय असं समजून पंजा वर आणा. कोपर पुढे जातं तसा पंजा आपोआप फटीतून निसटतो. जमलंय की नाही याची खूण सांगते: जोडीदाराच्या अंगठ्यावर ताण येतो, तुमच्या मनगटावर ओरखडाही उठत नाही. मनगट लाल होत असेल तर तुम्ही जोर लावताय. हळू करा, दोन्ही हातांनी करा, आणि जोडीदाराला पकड दर वेळी थोडी घट्ट करायला सांगा.

याच्याच बरोबरीने पडायला शिका. उकिडवे बसा, हनुवटी छातीला लावा, मागे लवंडा आणि पाठ टेकता टेकता दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून, मॅटवर आपटा. त्याच क्षणी श्वास सोडा. डोकं मॅटला लागता कामा नये. हात मागे टेकवून पडणं अडवायचा मोह सगळ्यांना होतो, पण मनगटं मोडतात ती त्यानेच. बसून न चुकता जमल्याशिवाय उभ्याने पडू नका.

हे अंगवळणी पडलं की 'नागे', म्हणजे फेकण्याचे वीस डाव. त्यानंतर 'शिमे', गळा आवळण्याचे आणि जखडण्याचे. गळ्याचे डाव घरी भावंडांवर, मित्रांवर मुळीच करून बघू नका. मानेतल्या रक्तवाहिन्या दाबल्या की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. शिकवणारे समोर असतील तरच करा, आणि जोडीदाराने 'सोड' या खुणेची दोनदा थाप मारली की त्याच क्षणी सोडा. डाव पूर्ण करायचा राहिला तर राहू द्या.

शिकवणारे निवडताना हेच बघा: थाप ऐकल्यावर ते स्वतः किती चटकन सोडतात, आणि बायका, मुलं, परके लोक त्यांच्याकडे मोकळेपणाने शिकतात का. ओकाझाकींनी जपानी नसलेल्यांनाही शिकवलं, त्यावरून स्वकीयांचा रोष घेतला, तरी शिकवत राहिले. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन जुजित्सू इन्स्टिट्यूटमधून ती परंपरा पुढे चालली.

सराव संपला की लगेच घरी पळू नका. जोडीदाराचा हात मांडीवर घ्या आणि आपल्या कोपराखालच्या सपाट भागाने त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत सावकाश दाब देत जा. हाडावर दाबू नका, मांसल भागावरच राहा. कुठे दुखतंय ते त्याला सांगू द्या. मग हात बदला, आणि नंतर तुमची पाळी.