लिम्फेडेमाचा पंप घरी लावताय? पायाच्या आधी वरची वाट मोकळी करा

माझ्या सासूबाईंच्या डाव्या पायाला गेली सहा वर्षं मी घरीच पंप लावते, म्हणजे पायावर कप्प्यांची स्लीव्ह चढवून ती हवेने फुगवणारं आणि सूज वर ढकलणारं मशीन. २०१७ मध्ये त्यांचं गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ओटीपोटातले लिम्फ नोड्स (लिम्फ गाळणाऱ्या गाठी) काढले, मग रेडिएशन, आणि सगळं सुरळीत झालं म्हणेपर्यंत दोन वर्षांनी पाय सुजायला लागला. येणारा-जाणारा विचारायचा, हत्तीरोग झालाय का. हत्तीरोग डासांमुळे होतो, विदर्भात त्याचे पेशंट बरेच आहेत, आमचं कारण वेगळं, पण पायात लिम्फचं, म्हणजे पेशींभोवतून गोळा होणारं पाणी अडकून बसतं (यालाच लिम्फेडेमा म्हणतात) ते दोन्हीकडे सारखंच.

मशीन घ्यायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा की पंप चालेल का. पाय अचानक सुजलाय आणि पोटरी दुखतेय तर आधी डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करून शिरेत गुठळी नाही ना ते बघतात, कारण गुठळी असताना पंप लावणं जिवावर बेतू शकतं. हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, पाय लाल-गरम होऊन ताप असेल तर पंप लावायचा नाही. आणि कॅन्सरच्या पेशंटची सूज एकाएकी वाढली तर पंपाचा टाइम वाढवत बसू नका, आधी तपासणी. पाणी जायच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, या सुजेत प्रोटीन असतं, गोळीने पाणी कमी होतं पण प्रोटीन तिथेच राहतं आणि परत पाणी ओढतं.

मशीन आधी भाड्याने घ्या. कप्पे जितके जास्त तितकं बरं, आमचं आठ कप्प्यांचं आहे, आणि प्रत्येक कप्प्याचं प्रेशर वेगळं ठेवता आलं पाहिजे, म्हणजे पाऊल आणि घोट्याला जास्त आणि मांडीकडे कमी. सगळ्या कप्प्यांना एकच आकडा असलेलं मशीन स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

रोज पाय साध्या साबणाने धुवायचा, बोटांच्या बेचक्या मऊ सुती कापडाने कोरड्या करायच्या, भेग किंवा पांढरं चिखल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी मलम. इन्फेक्शन तिथूनच आत शिरतं. गरम पाण्याचा शेक नाही, गरम लेप नाही, उष्णतेने सूज वाढते. जोडवी आणि पैंजण काढायचे. आमच्याकडे यावरून महिनाभर चाललं होतं, सवाष्णीने जोडवी कशी काढायची म्हणून आई तयारच होईनात, शेवटी डाव्या पायातली काढून उजव्या पायात दोन घातली आणि विषय मिटला.

आता खरं अवघड काम. आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं म्हणून सविस्तर लिहिते.

मशीन बसवायला आलेल्या माणसाने प्रेशर ८० ला (mmHg, बीपी मोजतात तेच माप) लावून दिलं आणि सांगितलं, जास्त प्रेशर म्हणजे लवकर रिझल्ट. मला काय माहीत, मी रोज तासभर ८० ला लावत राहिले. पंधरा दिवसांत पोटरी दोन सेंटीमीटरने उतरली, घरात सगळे खूश, मी तर माहेरी फोन करून सांगितलं. आणि मग एक दिवस नणंदेचा फोन आला की वहिनी, आईला खाली, जांघेत आणि पुढच्या भागात सूज आलीय, आठ दिवस झाले, लघवीला बसायला त्रास होतोय, तुला सांगायला लाजतेय. मी जाऊन बघितलं तर मांडीच्या वरच्या टोकाला, जिथे स्लीव्ह संपते तिथे, कडक वळ्यासारखी कडा तयार झाली होती आणि त्याच्या वर सगळं भरलेलं. पोटरीतलं पाणी कुठे गेलंच नव्हतं, मी ते फक्त वर ढकलून ठेवलं होतं. त्या दिवशी मी खूप रडले. आजही कोणी "आमचा पाय आठ दिवसांत उतरला" असं आनंदाने सांगितलं की मी पहिल्यांदा विचारते, मांडीच्या वर हात लावून बघितलात का?

नंतर लिम्फेडेमाचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी जे समजावलं ते कोणीतरी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. पंप फक्त ढकलतो. ढकललेलं पाणी जायला वाट लागते, आणि ज्यांचे ओटीपोटातले किंवा जांघेतले नोड्स काढलेत नाहीतर रेडिएशनने निकामी झालेत त्यांची नेहमीची वाट बंदच आहे. मग ते पाणी कमरेच्या कडेने त्याच बाजूच्या काखेकडे वळवावं लागतं, तिथले नोड्स शाबूत असतात. म्हणून सुरुवात वरून करायची, पाय सगळ्यात शेवटी. तुंबलेल्या गटारात मागून पाणी सोडण्याआधी आपण पुढचा कचरा काढतो ना, तसंच.

आम्ही करतो ते असं. आई आडव्या होतात, पोट फुगेल असे दहा सावकाश श्वास. दोन्ही पायांचं लिम्फ पोटातून वर चढून शेवटी डाव्या गळ्याच्या हाडामागच्या शिरेत जातं, आणि खोल श्वासाने आतल्या आत ते वर ओढलं जातं, त्यामुळे हे श्वास टाळू नका. मग गळ्याच्या हाडावरच्या दोन्ही खळग्यांत बोटं सपाट ठेवून हळू गोल, दहा-पंधरा वेळा. मग डाव्या काखेत तळवा ठेवून तसंच. मग डावी कूस: आधी काखेजवळचा भाग काखेकडे, मग त्याच्या खालचा, मग कंबर, मग खुबा, दरवेळी थोडं खाली सरकायचं पण हात वळतो वरच. शेवटी मांडीचा वरचा भाग, आतून बाहेर, खुब्याच्या दिशेने. जांघेकडे न्यायचं नाही, तिथे वाट नाहीये. पोटावर रेडिएशन झालेल्यांनी पोट दाबायचं नाही, तिथे फक्त श्वास. ज्यांच्या गळ्याच्या शिरांचा किंवा थायरॉइडचा त्रास आहे त्यांनी मानेचा भाग डॉक्टरांना विचारून. सगळं मिळून पंधरा ते वीस मिनिटं.

हात किती हलका? बाळाच्या गालावरून फिरवतो तितका. लिम्फच्या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, जोरात दाबलं की मिटतात. आपल्याकडे मालीश म्हणजे तेल लावून रगडणं, आणि शेजारच्या एका बाईंनी आईंना खोबरेल तेल लावून अर्धा तास तसं रगडलंही होतं, मी भाजी आणायला गेले होते तेवढ्यात, संध्याकाळी पाय टम्म. तेल लावायचंच नाही, हात घसरला की कातडी ताणली जात नाही आणि आपलं काम कातडी हलकेच ताणून सोडणं एवढंच आहे. दमायला झालं तर समजा चुकतंय. आणि हे लेख वाचून शिकू नका, माझाही नाही, दोन-तीन वेळा थेरपिस्टकडे जाऊन तुमच्या पेशंटचा पाणी वळवायचा रस्ता कुठला ते तिच्या हाताखाली शिकून घ्या, कारण ज्यांच्या हाताला सूज आहे त्यांचा रस्ता वेगळा, दोन्ही पाय सुजलेत त्यांचा वेगळा.

प्रेशरचं माझं मत पक्कं आहे. पायाला साधारण ३० ते ६० च्या मध्येच ठेवतात, आमचं त्या ८० च्या चुकीनंतर ४० वर आहे आणि तेव्हापासून मी ते वाढवलेलं नाही. मशीनवर दिसणारा आकडा आणि कातडीवर पडणारा दाब एकच असतो असंही नाही, म्हणून आकड्यापेक्षा माणसाला विचारा. दुखतंय, मुंग्या येतायत, बोटं निळसर दिसतायत, तर बंद. रिझल्ट दिसेना म्हणून प्रेशर वाढवायचं हा विचारच डोक्यातून काढा, रिझल्ट दिसत नसेल तर वरची वाट नीट झाली नाहीये किंवा पंपानंतर बांधायची पट्टी सैल आहे.

आणि रोज पंप काढल्यावर स्लीव्हच्या वरच्या कडेला, जांघेत, ओटीपोटावर, पुढच्या भागात सूज आहे का ते बघायचंच. आई लाजतात म्हणून आम्ही ठरवून टाकलंय, मी विचारते "आई, वर काही जड वाटतंय का तुम्हाला?" आणि त्या फक्त हो किंवा नाही म्हणतात. हो म्हणाल्या की पंप बंद आणि थेरपिस्टला फोन. पुरुषांमध्येही हे होतं आणि ते बायकांपेक्षा जास्त लपवतात, तेव्हा घरच्यांनी विचारायची लाज बाळगू नका.

पंपाचं काम सोपं आहे. आधी लघवीला जाऊन यायचं, सुती मोजा, वर स्लीव्ह, पाय उशीवर, ४५ मिनिटं ते एक तास. मध्येच लाइट गेली आणि स्लीव्ह फुगलेली राहिली तर पाइप काढून हवा सोडा, लाइट येईपर्यंत वाट बघत बसू नका.

पंप काढला की दहा मिनिटांच्या आत पट्टी किंवा स्टॉकिंग (दाब देणारा घट्ट मोजा), चहा नंतर. उशीर केला की पाणी परत खाली उतरतं आणि तुमचा तास वाया. मेडिकलमध्ये मागितलं की क्रेप बँडेज देतात, ते घेऊ नका. क्रेप खूप ताणतं, चालताना पोटरी फुगली की तेही तिच्याबरोबर फुगतं, आणि पोटरीला दाबायला भिंतच मिळत नाही. "शॉर्ट स्ट्रेच" असं नाव घेऊन मागा, नसेल तर मागवायला सांगा. खाली कापसाचं पॅडिंग, घोट्याच्या खळग्यांत थोडं जास्त, आणि पावलापासून वर निम्मी पट्टी निम्मीवर चढवत एकसारख्या ताणाने. घोट्याला मुद्दाम जास्त आवळायचं नाही, घोटा बारीक असल्यामुळे तेवढ्याच ताणात तिथे दाब आपोआप जास्त पडतो. बोटांची टोकं उघडी ठेवा, रंग दिसला पाहिजे. बांधून झालं की घरात वीस मिनिटं चालायचं. सकाळी स्टॉकिंग चढवताना भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज घाला, कितीतरी सोपं जातं. स्टॉकिंग साधारण सहा महिन्यांनी सैल पडतं, मग नवीन घ्यायचं.

टेपने माप आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या, टाचेपासून दर १० सेंटीमीटरवर, थेट मांडीच्या टोकापर्यंत. फक्त पोटरी मोजली तर माझ्यासारखं फसाल. आम्ही कॅलेंडरच्या पानामागे लिहितो.

पाय लाल, गरम, दुखरा झाला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही. पंप आणि हाताने वाट मोकळी करणं, दोन्ही बंद. परत कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील.

लग्नाला, गावाला जायचं असेल तर पंप घरी राहिला तरी चालतो, दोन-तीन दिवसांनी आभाळ कोसळत नाही. बॅगेत पट्ट्यांचे दोन सेट, पॅडिंग आणि बेचक्यांचं मलम मात्र असू द्या, आणि एसटीत बसल्या बसल्या दर पंधरा-वीस मिनिटांनी पावलं वर-खाली हलवायला सांगा.