माळ्यावरचं सामान हरवू नये म्हणून : खोक्यांची यादी कशी करावी

रोज हाताळली जाणारी वस्तू सहसा हरवत नाही. हरवते ती ‘नीट जपून’ ठेवलेली. मखराचे खांब, आकाशकंदील, कार्याची मोठी पातेली वर्षातून एकदाच लागतात. त्यांची जागा बदलते ती बहुतेक वेळा दिवाळीच्या साफसफाईत. माळा रिकामा करून पुसला जातो आणि खोकी हाताला येतील तशी परत वर चढतात. त्यामुळे यादी अशी हवी, की खोकं कुठंही सरकलं तरी ती खोटी पडू नये.

१. प्रत्येक खोक्याला, पेटीला, बोचक्याला फक्त आकडा द्या. ‘माळा ३’ असं लिहिलेलं खोकं पुढं पलंगाच्या बॉक्समध्ये गेलं, की घोटाळा सुरू. आकडा कायमचा, जागा बदलती.

२. आकडा तीन-चार इंच उंच काढा आणि तो झाकणावर व दोन बाजूंवर लिहा. माळ्यावरच्या खोक्याची खालून फक्त बाजू दिसते, तर पलंगात फक्त झाकण. नुसत्या डिंकानं चिकटवलेला कागद पावसाळ्यात सुटतो. त्यावरून कडांच्या बाहेर जाईल इतकी रुंद पारदर्शक पट्टी लावा. लोखंडी पेटीवर ऑइलपेंटनं लिहा. बोचक्याला पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं बांधा.

३. वहीत चार रकाने आखा : आकडा, आत काय, कुठं, बाहेर काय गेलं. ‘कुठं’ हा रकाना पेन्सिलीनं भरा, म्हणजे खोडता येईल. ‘आत काय’मध्ये ‘चादरी’ एवढंच पुरत नाही. ‘डबल चादरी ४, अभ्रे ६’ असं लिहा. ‘किरकोळ’ हा शब्द यादीत येऊच देऊ नका. त्या खोक्यात गेलेलं पुन्हा कुणी शोधत नाही.

४. झाकण लावण्याआधी आकड्याच्या चिठ्ठीसह वरून फोटो काढा. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना फोटोखाली वस्तूंची नावं लिहा. पुढं ‘कंदील’ असं शोधलं की फोटो सापडतो. दागिने आणि कागदपत्रांचे फोटो मात्र तिथं नकोत.

५. मखराचे, पाळण्याचे स्क्रू छोट्या पिशवीत घालून त्याच सांगाड्याला बांधा. वेगळ्या डब्यात ठेवले की दोन्ही निकामी.

एका बैठकीत तीन-चार खोकीच घ्या. अख्खा माळा एकदम उतरवला, की संध्याकाळपर्यंत कंटाळा येतो आणि शेवटची खोकी न बघताच वर जातात.

भरताना थोडं भान हवं. तांब्या-पितळेची जड भांडी खाली. माळ्याच्या तोंडाशी गणपती-दिवाळीचं सामान. ओल येणाऱ्या भिंतीला पुठ्ठ्याची खोकी टेकवू नका, वाळवी आणि कसर तिथूनच शिरते. रेशमी साड्या प्लॅस्टिकऐवजी जुन्या सुती कापडात गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. घडी अधूनमधून बदला, नाहीतर जरीचे धागे मोडतात. टॉर्च आणि रिमोटमधले सेल काढा, नाहीतर ते गळतात. दुकानाच्या गुळगुळीत कागदावरच्या बिलांची छपाई उडते, म्हणून त्यांचा फोटो घेऊन ठेवा.

यादी मोडते ती वस्तू काढताना. साधा उपाय म्हणजे वस्तू काढणाऱ्यानं तिच्या जागी चिठ्ठी टाकायची : ‘मोठी कढई, आत्याकडे, मे’. उसनी गेलेली भांडी हरवतात ती नेमकी इथंच, आणि वर्षभरानं मागायला संकोच वाटतो. वही स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून दोरीनं पेन-पेन्सिलीसकट टांगा. बेडरूमच्या खणात ठेवलेली वही कुणी भरत नाही.

एखादी वस्तू आधीच सापडत नसेल, तर सगळं उपसू नका. ती शेवटची कुठल्या कार्याला लागली आणि त्या वेळी आणखी काय खाली काढलं होतं ते आठवा. ती बहुधा त्याच सामानासोबत परत गेलेली असते. तिथंही नसेल, तर प्रवासाच्या बॅगा उघडा. मोठ्या बॅगेत मधली आणि मधलीत छोटी बॅग ठेवतो आपण, आणि छोटी रिकामी आहे असं धरूनच चालतो.